शब्द खूप झाले, आता वाक्याकडे बघ

कोल्हापूरजवळच्या उचगावहून एका वाचक मुलीचं पत्र आलंय. थोडक्यात देते.

"ताई, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या परचेस खात्यात आहे. आमची दोन मशीनं चीनहून आली, त्यामुळे तिकडच्या कंपनीचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे. पुण्यात राहून चिनी शिकले, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी पास आहे. फोनवर बोलणं निभावतं. पण मेल लिहायला बसले की तासभर जातो आणि तरी मनासारखं उतरत नाही. गेल्या महिन्यात तिकडच्या मॅडम चांगुलपणानं म्हणाल्या, 'तुमचं सगळं कळतं, पण शाळेतल्या मुलीनं लिहिल्यासारखं वाटतं.' तेव्हापासून रोज वीस नवे शब्द पाठ करते. सहा महिने झाले, लिखाण आहे तिथंच आहे. नोकरी सोडून वर्षभर चीनला जाऊ का? सोबत एक जुना मेल जोडलाय."

अगं, त्या मॅडमचे आधी आभार मान. असं तोंडावर सांगणारं माणूस परक्या भाषेत सहसा मिळत नाही. बहुतेक चिनी लोक "छान लिहिता की" म्हणून विषय संपवतात आणि आपण वर्षानुवर्षं तिथंच राहतो.

तुझा मेल वाचला. शब्दाला शब्द ठेवून मराठीत उतरवला तर असा होतो: "आम्हाला मशीन मिळालं. आम्ही पेटी उघडली. आम्ही पाहिलं, दोन पार्ट खराब झाले. आम्ही फार नाराज आहोत. कृपया तुम्ही आम्हाला लवकर नवीन द्या." यात व्याकरणाची चूक एकही नाही, हे मुद्दाम सांगते, कारण तू चुका शोधत बसली असशील. पाच वाक्यं, पाच 'वोमन' (म्हणजे 'आम्ही'), चार 'ल' (क्रिया पुरी झाली हे दाखवणारा शब्द). (चिनी शब्द मी इथे देवनागरीत साधारण उच्चारानं लिहितेय, सूर तू जाणतेस.) हेच पत्र तिकडच्या एखाद्या कारकुनानं लिहिलं असतं तर साधारण असं झालं असतं: "आपल्या कंपनीने पाठवलेली यंत्रसामग्री ६ मे रोजी मिळाली आहे. पेटी उघडून तपासणी केली असता दोन बेअरिंग हाउसिंगना तडे आढळले, त्यामुळे ती बसवणे शक्य नाही. सोबत फोटो जोडले असून, कृपया लवकरात लवकर पडताळणी करून बदली पार्ट पाठवण्याची तसदी घ्यावी."

चिनीत ही तीन वाक्यं होतात. त्यात 'वोमन' एकदाही येत नाही आणि 'ल' सुद्धा येत नाही. 'तुम्ही'च्या जागी 'ग्वेई गोंगस', म्हणजे आपली मान्यवर कंपनी. 'शक्य नाही'ला 'वूफा'. 'कृपया'ला नुसतं 'छिंग' नाही, 'फानछिंग', त्यात आपली 'तसदी' आलीच. 'नाराज आहोत' हे वाक्य गळलं आणि त्याच्या जागी तारीख, पार्टचं नाव, तडा आणि फोटो आले. आता मोज बरं, यातले तुला खरोखर नवे शब्द किती? चार, फार तर पाच. रोज वीस शब्द पाठ करून हा मेल सुधारला नसता, कारण अडचण शब्दांची नव्हतीच. तू बोलायची चिनी कागदावर लिहीत होतीस.

चिनीत बोलीला 'कोउयू' म्हणतात आणि लिहायच्या भाषेला 'शूम्येनयू'. चौथ्या पातळीपर्यंतची पुस्तकं बहुतेक 'कोउयू' शिकवतात. संवाद, बाजारहाट, प्रवास. तिथून पुढे दुसरीच भाषा सुरू होते आणि ते कुणी आपल्याला नीट सांगत नाही. आपल्याला मात्र हा फरक समजायला जड जाऊ नये. गंगावेशीत उभं राहून "काय करालीस गं?" विचारणारी बाईच ग्रामपंचायतीला अर्ज लिहिताना "उपरोक्त विषयास अनुसरून" लिहिते. घरात 'दूध घेतलं', बिलावर 'दूध खरेदी केले'. शेजारचे आजोबा 'गेले', पेपरात त्यांचं 'निधन झाले'. हा कान तुला मराठीत उपजत आहे. चिनीत तो मुद्दाम तयार करावा लागतो, एवढंच.

माझ्याच आयुष्यातली एक गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या एका चिनी ग्राहकाचे वडील वारले. साहेबांनी मला शोकपत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं, "तुमचे वडील 'स ल' हे ऐकून वाईट वाटलं." पुस्तकात मरणं म्हणजे 'स' एवढंच शिकले होते. म्हणजे मी त्या माणसाला "तुमचा बाप मेला" असं लिहून पाठवलं होतं. 'छ्यूशर' हा शब्द मला ओळखीचा होता, वाचताना कळायचा, पण लिहिताना हाताशी आला नाही. आणि दुसऱ्याच्या वडिलांना अशा पत्रात 'लिंगझून' म्हणतात, आपण जुन्या पत्रांत 'तीर्थरूप' लिहायचो तसं, हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. त्या गृहस्थांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र आजही ते पत्र आठवलं की बरं वाटत नाही. म्हणून तुझ्यासारख्या मुलींना मी हे तळमळीनं सांगते: वाचताना कळणारा शब्द आणि लिहिताना हातातून उतरणारा शब्द यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर फक्त लिहूनच कापता येतं.

लिहायच्या भाषेत हे इतके वेगळे शब्द आले कुठून, तेही सांगते, म्हणजे ते ओझं वाटणार नाहीत. चीनमध्ये दोन हजार वर्षं विद्वानांचं आणि दरबाराचं लिखाण जुन्या अभिजात भाषेत व्हायचं. बोली निराळी, लेखणी निराळी. हू शर या चिनी विचारवंतांनी १९१७ मध्ये बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत लिहा असा आग्रह धरला आणि १९२० मध्ये सरकारनं प्राथमिक शाळेच्या सुरुवातीच्या वर्गांत ती भाषा आणली. पण जुन्या भाषेतले छोटे छोटे शब्द लेखणीत राहून गेले: 'यू', 'यी', 'सुओ', 'जर', 'छी'. आपल्या लिखाणात संस्कृत तत्सम शब्द राहिले, त्यातलाच प्रकार. असे वीस-पंचवीस शब्द पक्के झाले की पेपर, नोटीस, करार, मॅन्युअल सगळं उलगडायला लागतं. तुझ्या रोजच्या वीस शब्दांऐवजी आठवड्याला यातले दोन घे, पण प्रत्येकाची पाच खरी वाक्यं वहीत उतरव.

आता वाक्याच्या ठेवणीकडे ये, कारण मराठी माणसाचा खरा फायदा तिथं आहे आणि तो आपण वापरत नाही. आपण चिनी बहुधा इंग्रजीतून शिकतो. पुस्तकातले अर्थ इंग्रजीत, व्याकरण इंग्रजीत, म्हणून लिहिताना डोक्यात आधी इंग्रजी वाक्य तयार होतं आणि चिनी उलटीपालटी होते. त्यापेक्षा सरळ मराठीतून जा. 'काल आलेला माणूस', 'मी वाचलेलं पुस्तक', 'आपण पाठवलेलं मशीन': माणसाचं, पुस्तकाचं, मशीनचं सगळं वर्णन आधी आणि नाम शेवटी. चिनीत 'द' लावून अगदी हाच क्रम येतो, आणि वर दिलेला 'सुओ' हा तर आपल्या 'लेलं'चा लेखी भाऊच समज. 'मी काल ग्रंथालयात अभ्यास केला' यातही आधी कोण, मग कधी, मग कुठे आणि मग क्रिया. चिनीत हाच क्रम. फरक पडतो तो कर्माच्या जागेत, चिनीत ते साधारणपणे क्रियेच्या मागे जातं.

'ल'चंही तसंच. तू प्रत्येक भूतकाळी क्रियापदाला 'ल' लावतेस. 'ल' म्हणजे भूतकाळ नव्हे. मराठीत 'मी बसने गेले' आणि 'मी रोज बसने जायचे' यात आपण भेद करतो ना? दोन्ही मागचंच, पण पहिल्यात गोष्ट घडून पुरी झाली, दुसऱ्यात नुसती सवय. 'जायचे'ला 'ल' लावू नकोस. 'तो म्हणाला की' मधल्या 'म्हणाला'लाही लावू नकोस. एवढं पाळलंस तरी पानभर मजकुरातले निम्मे 'ल' आपोआप गळतील.

आणि पूर्णविराम. तू दर पाच-सहा शब्दांनी तो ठोकतेस, कारण लहान वाक्यात चूक होणार नाही अशी भीती आहे. चिनी लेखणी तशी चालत नाही. ल्यू शूश्यांग हे चीनचे फार मोठे व्याकरणकार, त्यांनी चिनीतल्या या वाक्यांना 'लिउश्वेइ ज्यू' म्हटलं, वाहत्या पाण्याची वाक्यं. कर्ता एकदा सुरुवातीला सांगायचा आणि मग स्वल्पविरामांवर एकामागून एक क्रिया सोडत जायच्या, विषय संपला की पूर्णविराम. तुझी आई कसं सांगते? "उठून, आंघोळ करून, चहा टाकून, डबा भरून मी बसस्टॉपवर." कर्ता एकदाच. हीच ती ठेवण, फक्त 'ऊन'च्या जागी तिथं बहुधा काहीच लागत नाही, नुसता क्रम पुरतो. तेवढ्यासाठी रोज एक काम कर. जुना मेल काढ, पहिला सोडून बाकी सगळे 'वोमन' पेन्सिलनं खोड आणि वाक्य पडतंय का बघ. दहातली सात-आठ वाक्यं उभी राहतील.

चिनी लिखाणाला एक ताल असतो, त्याकडे कान दे. लेखी भाषेला दोन अक्षरी शब्द आवडतात आणि दोनाशेजारी दोनच बसतात. झाड लावणं: 'जोंग शू' चालतं, एकाशेजारी एक. 'जोंगजर शूमू' चालतं, दोनाशेजारी दोन. पण 'जोंगजर शू' म्हटलं की चिनी माणसाला खटकतं, अर्थ तोच असूनही. तपासणी करणं हे औपचारिक लिहायचं तर 'जिनशिंग ज्येनछा', 'जिनशिंग छा' नाही. आपल्याला ओवीत एक अक्षर कमी पडलं की जसं कळतं तसं त्यांना हे कळतं. मोठ्यानं वाचल्याशिवाय हा कान येत नाही. घरात लाज वाटत असेल तर रंकाळ्यावर फिरताना वाच, पण वाच.

आता तुझे वीस शब्द. शब्द सुटा पाठ करणं आजपासून बंद. एक उदाहरण बघ. मराठीत आपण सगळंच 'सुधारतो'. चिनीत कामाचा दर्जा किंवा पातळी सुधारली की 'तीगाओ', कामगारांची परिस्थिती किंवा दोन कंपन्यांतले संबंध सुधारले की 'गायशान', मोल्डिंगची पद्धत सुधारली की 'गायजिन', आणि ड्रॉइंगमधली चूक सुधारली की 'गायजंग'. डिक्शनरीत चौघांसमोर जवळपास एकच अर्थ. तू त्यांची अदलाबदल केलीस तर कळेल सगळं, पण 'शाळेतल्या मुलीचं' वाटेल ते इथंच. त्यामुळे वहीत शब्द लिहिताना त्याचा जोडीदार सोबत लिही. जोडी नक्की माहीत नसेल तर पेकिंग विद्यापीठाचा सीसीएल नावाचा मजकूरसंग्रह ऑनलाइन आहे, तिथे शब्द टाकला की खऱ्या चिनी लिखाणातली वाक्यंच्या वाक्यं समोर येतात. आणि 'ल', 'बा', 'ज्योउ', 'त्साय' असल्या बारक्या शब्दांसाठी ल्यू शूश्यांग यांनीच संपादित केलेला 'आधुनिक चिनीतले आठशे शब्द' हा १९८० चा कोश आहे. आधी अवघड जाईल. तरी घे.

चार अक्षरी म्हणी, 'छंगयू', यांचा मोह मात्र आवर. 'जिंग दी जर वा' म्हणजे विहिरीतला बेडूक, आपला कूपमंडूकच. 'द्वेइ न्यू तान छिन', बैलापुढे वीणा वाजवणं, म्हणजे आपली गाढवापुढची गीता. शिकायला फार गोड आहेत. पण मधल्या पातळीवरची मुलं त्या मेलमध्ये पेरतात आणि साधं पत्र नटवं होऊन बसतं. वाचताना साठव, लिहायची घाई नको.

वाचायचं काय? पेपरावर इतक्यात झडप घालू नकोस. चिनी मुलांची चौथी ते सहावीची भाषेची पाठ्यपुस्तकं घे, त्यातलं गद्य स्वच्छ आणि आखीव असतं. दुसरी खाण तुझ्याच कारखान्यात आहे. मशीनबरोबर आलेलं मॅन्युअल कपाटात पडलं असेल, ते काढ. 'छिंग वू' म्हणजे 'करू नये', आपल्या 'हात लावू नये'मधला 'नये'. 'येनजिन' म्हणजे 'सक्त मनाई'. 'यीम्येन' म्हणजे 'होऊ नये म्हणून': हात अडकू नये म्हणून, तेल गळू नये म्हणून. मशीन तुझ्या डोळ्यांसमोर, वाक्य तुझ्या हातात. इतकी चांगली शिकवणी बीजिंगमध्येही मिळायची नाही.

आणि करायचं काय, तर हे एक काम, बाकी सगळं राहिलं तरी चालेल. एचएसकेच्या जुन्या रचनेतल्या सहाव्या पातळीचा लेखनाचा प्रश्न ठाऊक आहे का? साधारण हजार अक्षरांची गोष्ट दहा मिनिटं वाचायला देतात, मग ती काढून घेतात आणि पस्तीस मिनिटांत चारशे अक्षरांत लिहायला सांगतात. स्वतःचं मत घालायचं नाही. आपण शाळेत सारांशलेखन करायचो तेच. परीक्षा दे किंवा देऊ नकोस (२०२१ मध्ये नऊ पातळ्यांची नवी रचना जाहीर झालीय, तिचा फार विचार करू नकोस), पण हा प्रकार उचल. पाठ्यपुस्तकातला दीडशे-दोनशे अक्षरांचा परिच्छेद दोनदा वाच. पुस्तक मिट. आठवेल तसा लिही. मग उघडून शेजारी ठेव आणि ओळीला ओळ लाव. त्यांनी जिथं स्वल्पविराम दिला तिथं तू पूर्णविराम दिलास, त्यांनी कर्ता गाळला आणि तू घातलास, त्यांची जोडी वेगळी, तुझी वेगळी. जिथं जिथं फरक पडला तोच तुझा आजचा धडा, तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. फरक लाल पेननं वहीत उतरव आणि चार दिवसांनी तोच परिच्छेद पुन्हा लिही. दुसऱ्यांदा लिहिणं सोडू नकोस, खरी वाढ त्यात आहे. कास्टिंग साच्यातून निघाल्या निघाल्या तुम्ही ट्रकवर चढवता का? फेटलिंग, म्हणजे घासून साफ करणं, होतं, इन्स्पेक्शन होतं, मग माल जातो. तू लिखाणाचं फेटलिंगच करत नव्हतीस.

हे हातानं लिही. महाद्वार रोडला स्टेशनरीच्या दुकानात गणिताची चौकटीची वही मिळते, ती चालेल: एका चौकटीत एक अक्षर, विरामचिन्हालाही स्वतंत्र चौकट, परिच्छेदाच्या सुरुवातीला दोन चौकटी मोकळ्या. ऑफिसचे मेल टाइप कर, त्यात कमीपणा नाही. हल्ली चिनी लोकही पेन उचलला की अक्षर विसरतात आणि त्यासाठी त्यांच्याकडे चार अक्षरी शब्दप्रयोगच आहे. पण शिकताना हात चालला की अक्षर मनात बसतं.

तपासून घेण्याबद्दल. त्या मॅडमना "हे बरोबर आहे का?" विचारू नकोस, उत्तर "बरोबर आहे" असंच येणार. विचार, "हेच तुम्ही असता तर कसं लिहिलं असतं?" महिन्यातून एकच मेल असा विचार, त्यांचाही वेळ महत्त्वाचा. भाषांतराची मशीन आणि एआय वापरायला माझी ना नाही, पण क्रम पाळ: आधी तुझा मसुदा पूर्ण, मग त्याच्यापुढे ठेवायचा, आणि केलेल्या प्रत्येक बदलाचं कारण विचारायचं. आधीच त्याच्याकडून लिहून घेतलंस तर मेल छान जाईल आणि तू चौथ्या पातळीवरच राहशील.

हे सगळं वाचून दडपण येऊ देऊ नकोस. १९५१ मध्ये ल्यू शूश्यांग आणि जू दशी या दोघा व्याकरणकारांनी 'पीपल्स डेली' या चिनी वर्तमानपत्रात जूनपासून डिसेंबरपर्यंत लेखमाला चालवली होती, व्याकरण आणि लेखनातल्या चुकांवर, आणि ती चिनी वाचकांसाठी होती. ज्यांची ती आईची भाषा, त्यांनाही लिहिणं शिकावं लागलं.

चीनला जायचं म्हणशील तर आत्ता नको. तुझ्याकडे रोजचा खरा पत्रव्यवहार आहे, मॅन्युअल आहे, स्पष्ट बोलणाऱ्या मॅडम आहेत. वर्गात बसणाऱ्या मुलांना यातलं काही मिळत नाही, त्यांना कल्पनेतल्या मित्राला पत्र लिहावं लागतं. वर्षभर रोज अर्धा तास दे. घरी गडबड असेल तर रविवारी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बस. १८५० सालची संस्था आहे, तिथं बसलं की हात आपोआप वहीकडे जातो. वर्षानंतर पाचव्या पातळीचं ऐंशी अक्षरी लेखन न अडखळता जमलं आणि तरी जावंसं वाटलं, तर जा. तेव्हा तुला तिथं काय शिकायचंय ते नेमकं माहीत असेल.

या रविवारी तो बेअरिंग हाउसिंगचा मेल माझं न बघता पुन्हा लिही. शेवटी 'त्सजर' आणि त्याखाली नव्या ओळीत डावीकडून 'जिंगली' हे दोन्ही नीट जागेवर येऊ देत, आपल्या 'आपली विश्वासू'सारखं. जुना आणि नवा मसुदा वहीत समोरासमोर चिकटव आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. कुठं कुठं 'वोमन' उरलेत ते मी लाल करून परत पाठवते.